निरंक

समता सहकारी गृहरचना संस्थेच्या सूचना फलकावर संक्रांतीच्या दिवशी लागलेला कागद अध्यक्षा सुंदराबाई रणपिसे यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला होता. आणि पाच दिवसांनी सकाळी साडेदहा वाजता, निवृत्तांचा सगळा कंपू समोरच्या बाकावर ऊन खात बसलेला असताना, तो त्यांनी स्वतःच्याच हाताने काढला. कागदाला चार टाचण्या होत्या. तीन लगेच निघाल्या. चौथी निघेना, आणि ती निघेपर्यंत बाकावरचे कोणी अवाक्षर बोलले नाही. कात्रजमध्ये एवढी शांतता सुंदराबाईंनी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

कागदावर काय होते ते ओघाने येईल. आधी वही.

सुंदराबाईंनी बत्तीस वर्षे खडकीच्या एका कारखान्याच्या भांडारात काढली होती. खिळ्यापासून ताडपत्रीपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद, आणि नोंदीत एकही रकाना कोरा नाही, हा त्यांचा तिथला धर्म. कोरा रकाना म्हणजे उघडे दार. उद्या कोणीही येऊन त्यात काहीही भरील. म्हणून जिथे लिहायला काही नसेल तिथे दोन तिरप्या रेघा मारायच्या, मध्ये 'निरंक' लिहायचे, खाली सही करायची आणि निर्धास्त घरी जायचे. निवृत्तीनंतर सुंदराबाई कात्रजला राहायला आल्या त्या हा धर्म बरोबर घेऊनच. संस्थेचे अध्यक्षपद आपल्याकडे चालत आले, असे त्या सांगत. ते दुसऱ्या कोणाकडे जायला घाबरले, असे लोक सांगत.

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांनी एका पंगतीत जेवावे, ही त्यांचीच कल्पना. लहानपणी एका लग्नात आपल्या आईचे पान मांडवाबाहेर वाढलेले त्यांनी पाहिले होते. त्या आठवणीचा त्या कधी उच्चार करीत नसत; पण सतरंज्या घालताना दोन सतरंज्यांत फट कुठे राहते, हे मात्र स्वतः वाकून पाहत. जेवणासाठी वही होती. ज्या घरापुढे 'हो', त्या घरी सुंदराबाई जातीने जाऊन बेल वाजवीत आणि "जेवायला यायचं" असे सांगत. ज्या घरापुढे 'निरंक', त्याला पुन्हा विचारून अवघडवायचे नाही. दर वर्षी मागल्या वर्षीची नोंद पुढे ओढायची आणि 'हो'वाल्यांकडून फक्त माणसे किती एवढे विचारून घ्यायचे. साथीची दोन वर्षे सोडली, तर या पद्धतीने सात जेवणे निर्विघ्न पार पडली होती. साथीच्या वर्षांत अर्थात सगळी संस्थाच निरंक होती.

सातव्या जेवणाला अकरा पाने कमी पडली आणि सचिव संजय पोतनीस यांना संधी मिळाली. पोतनीसांना प्रत्येक कामात संगणक घालण्याची हौस होती. पाण्याच्या टाकीतही तो घालावा असे त्यांचे मत होते. वही आता म्युझियममध्ये ठेवावी, संस्थेत एवढी संगणकवाली मंडळी आहेत, त्यांच्याकडून एक छोटासा प्रोग्रॅम लिहून घ्यावा, असा ठराव त्यांनी मांडला. वहीला म्युझियम म्हणालेले सुंदराबाईंना लागले. परंतु काम करणाऱ्यांत त्यांची स्वतःची सून दीपाली असणार होती, तेव्हा संस्थेचा कारभार घरातच राहील, या विचाराने त्यांनी संमती दिली.

दीपालीबरोबर आणखी दोघे पुढे आले. एक दुसऱ्या मजल्यावरचा सलिल, जो चालताना, जेवताना आणि ध्वजाला मानवंदना देतानाही फोनवर बोले. दुसरी तीनशे चारमधली मिसबा. ही अख्तरबानू तांबोळी यांची नात. हिंजवडीला नोकरी लागली म्हणून सहा महिन्यांपूर्वी नानीकडे राहायला आलेली. पोरगी गुणी होती. तिच्या नानीविषयी मात्र सुंदराबाईंचे मत ठाम होते. सात वर्षांत ही बाई एकदाही पंगतीला आली नव्हती. ज्यांना आपल्या पंगतीचे वावडे, त्यांच्याशी "पाणी आलं का" यापलीकडे काय बोलायचे? सुंदराबाई तेवढेच बोलत, आणि तेही जिन्यात.

काम एका रविवारचे होते. तिघांनी चार रविवार घेतले, कारण प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा हेच ठरेना. सुंदराबाईंनी प्रथम "मराठीत" असा निर्णय देऊन टाकला होता. पण संगणकाच्या भाषा निराळ्या असतात, आणि त्या बोलणारी माणसे एकमेकांना त्यांवरून जेवढी पाण्यात पाहतात तेवढी जातीवरूनही पाहत नाहीत, हे दीपालीने समजावून सांगितले. शिवाय ही तिघे एकाच बसने हिंजवडीला जात. कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला जाऊन येऊन चार तास भांडायला मिळतात. सकाळी नऊला स्वारगेटपाशी निघालेला मुद्दा संध्याकाळी आठला बालाजीनगरच्या सिग्नलपर्यंत जिवंत असे.

अखेर सलिलने कोणाला न विचारता एका रात्रीत आपल्या लाडक्या जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून टाकला आणि दुसऱ्या दिवशी आचारी पोपटराव संस्थेच्या कार्यालयात आले. पोपटरावांच्या फोनवर पानांचा एकूण आकडा आपोआप गेला होता. तो एका ओळीत मावला नव्हता.

"मॅडम," पोपटराव अदबीने म्हणाले, "पुऱ्या मी लाटीन. पण या माणसांना बसवणार कुठं? पृथ्वी पुरायची नाही."

झाले होते ते असे. एका घरची चार माणसे आणि दुसऱ्या घरची तीन, यांची त्या भाषेने बेरीज न करता चाराशेजारी तीन चिकटवून त्रेचाळीस केले होते, त्याशेजारी पुढच्या घरचे दोन, आणि अशी सगळी संस्था गाडीच्या डब्यांसारखी जोडली होती. सलिलचे म्हणणे, हा भाषेचा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे; आकडे अक्षरे म्हणून दिले तर ती अक्षरे जोडते. दीपाली म्हणाली, असल्या स्वभावाच्या माणसाला बँकेत कोणी उभे करीत नाही. पोपटरावांना तात्पुरते दीडशे सांगून वाटेला लावले.

दुसरा घाव थेट सुंदराबाईंवर बसला. जेवणाच्या नमुन्यादाखल छापलेल्या कुपनांवर त्यांच्या घराचा, म्हणजे एकशे एकचा, क्रमांक शून्य आला होता. वहीत त्या पहिल्यापासून पहिल्या होत्या. या भाषा मोजणी शून्यापासूनच सुरू करतात, असे तिघांनी एकमुखाने सांगितले. चार आठवड्यांत त्यांचे एकदाच एकमत झाले, तेही या मुद्द्यावर.

"अहो आई, लिफ्टमध्ये तळमजल्याला शून्यच असतं ना," दीपाली म्हणाली.

"मी तळमजल्यावर राहत नाही," सुंदराबाई म्हणाल्या आणि कुपन परत दिले.

मग त्यांनी प्रकरण स्वतःच्या हाती घेतले. कारखान्यात ताडपत्री गहाळ झाली की जशी चौकशी बसे, तशी भाषांची चौकशी त्यांनी संस्थेच्या कार्यालयात बसवली. पोतनीस टिपणाला. तिळाचे लाडू मध्ये. प्रत्येकाने समोरच्याच्या भाषेवर आरोप ठेवायचे आणि आपल्या भाषेचा बचाव करायचा.

जावास्क्रिप्टवरील बेरजेचा आरोप सिद्ध होताच. त्यात मिसबाने भर घातली, की हिला आकडे क्रमाने लावायला सांगितले आणि नीट बजावले नाही, तर ही दहाला नवाच्या आधी बसवते. सुंदराबाईंनी पोतनीसांना हे वाक्य अधोरेखित करायला सांगितले. पुढे दीपालीची जावा; नाव जुळते, पण भाषा निराळी. दीपालीने त्या भाषेत चौदा वर्षे काढली होती आणि तिच्याविषयी ती माहेरासारखी बोले. सलिलची साक्ष अशी, की या भाषेत 'नमस्कार' म्हणायचा तरी आधी पाच ओळींचा परिचय करून द्यावा लागतो. पुण्यात प्रमुख पाहुण्यांचा परिचय याहून लांबतो, असे म्हणून सुंदराबाईंनी तो आरोप फेटाळला. मिसबाच्या पायथनवर आरोप असा, की तिच्यात ओळीच्या आरंभी किती मोकळी जागा सोडली यावर अर्थ ठरतो. एक जागा इकडची तिकडे झाली की काम ठप्प. सलिलचे दोन दिवस एका न दिसणाऱ्या जागेने खाल्ले होते. हे सांगताना त्याने फोनही खाली ठेवला. सुंदराबाईंना मात्र ती भाषा एकदम आवडली. त्यांच्या शाळेत समास न सोडणाऱ्याला छडी बसे.

तेव्हा मिसबाने खरा मुद्दा काढला. ती शांतपणे बोलणारी मुलगी होती आणि लाडू खाऊन संपल्याखेरीज तोंड उघडत नसे. तिचे म्हणणे असे, की बेरजा आणि मोकळ्या जागा ही चेष्टेची भांडणे झाली. भाषेची परीक्षा होते ती कोऱ्या जागेपाशी. एखाद्या घराने काही कळवलेच नसेल तर? जावा तिथे अडखळून सरळ कोसळते. निदान सगळ्यांना कळते तरी. सलिलची भाषा ढिलाईने वापरली, तर ती कोरे, शून्य आणि 'नाही' या तिघांना एकाच नजरेने पाहते आणि हसत पुढे जाते. पायथनमध्येही निष्काळजी माणसाच्या हातून तेच होते. "आजी, कोसळलेलं परवडतं. न विचारलेल्या माणसाला 'नाही म्हणाला' असं धरून चाललेलं परवडत नाही. कारण ते कधीच कोणाच्या लक्षात येत नाही."

सुंदराबाई प्रसन्न झाल्या. इतके स्वच्छ बोलणे त्यांनी निवृत्तीनंतर ऐकले नव्हते. पायथन निवडावी, मिसबाने लिहावे, आणि प्रत्येक घरापुढे 'हो', 'नाही' व 'अजून विचारलेले नाही' असे तीन पर्याय असावेत, असा निकाल त्यांनी दिला. एवढ्यावर थांबत्या तर या कथेचे कारण उरले नसते. पण निकाल जाहीर करण्याची त्यांना सवय होती. संक्रांतीच्या दिवशी फलकावर जो कागद लागला तो हा:

"भोजनाच्या नोंदीसाठी योजावयाच्या संगणकीय भाषेची चौकशी पूर्ण झाली. न विचारलेल्या माणसाचे मौन जी 'नकार' म्हणून नोंदवते, ती भाषा असंस्कृत होय. तिला या संस्थेत थारा मिळणार नाही. — अध्यक्षा."

कागद गाजला. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढू लागले. सलिलच्या कचेरीत तो कोणी मोठा करून भिंतीवर लावला म्हणे. पोतनीसांनी स्वतः कबूल केले, की बाईंना संगणक उघडता येत नाही पण मिटवता येतो. तीन दिवस सुंदराबाई खाली भाजी घ्यायलाही इस्त्रीची साडी नेसून गेल्या.

रविवारी जुनी वही नव्या प्रोग्रॅममध्ये चढवायला घेतली. मिसबाने त्याला सवयच अशी लावली होती, की प्रत्येक नोंदीमागे तो विचारी: हे कोणी सांगितले? सत्तेचाळीस घरे निघून गेली. एका घरापाशी तो थांबला.

"आजी, तीनशे चार निरंक आहे," मिसबा म्हणाली. "हे कोणी सांगितलं?"

"तुझ्या नानीनेच."

"मी विचारलं नानीला." मिसबाने मान वर केली नाही. "ती म्हणते, आम्हाला विचारायला कधी कोणी आलंच नाही."

सुंदराबाईंनी वही ओढून घेतली. वही खोटे बोलत नाही, हे त्या सगळ्यांना दाखवणार होत्या. पहिल्या वर्षीचे पान उघडले. तीनशे चार. दोन तिरप्या रेघा, मध्ये निरंक, खाली सही. आणि समासात, पेन्सिलीने, त्यांच्याच बारीक अक्षरात एक शब्द: 'कुलूप'.

त्यांना सगळे आठवले. त्या जानेवारीत अख्तरबानूंच्या यजमानांच्या, हमीदभाईंच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि तांबोळींचे घर तीन आठवडे बंद होते. वही फिरली तेव्हा दाराला कुलूप. रकाना कोरा ठेवायचा नाही, म्हणून निरंक. दुसऱ्या वर्षी मागली नोंद पुढे. तिसऱ्या वर्षी तीच पुन्हा पुढे. पेन्सिलीचा शब्द पहिल्याच पानावर राहिला. पुढे गेल्या त्या फक्त रेघा.

मग सलिल, मनात काहीही वाईट नसताना, केवळ शोध लागल्याच्या आनंदात हळूच म्हणाला, "म्हणजे आजींची वही जावास्क्रिप्टमध्ये आहे."

"सलिल," दीपाली म्हणाली.

सुंदराबाई घरी आल्या. सुनेने चहा ठेवला, तो निवला. ज्या बाईला आपल्या पंगतीचे वावडे म्हणून त्यांनी सात वर्षे जिन्यात मान वळवली होती, तिला त्यांनीच मांडवाबाहेर ठेवले होते. तेही सहीनिशी. सतरंज्यांतली फट वाकून पाहणाऱ्या बाईला तिसऱ्या मजल्याएवढी फट दिसली नव्हती. आपली आई आज असती तर काय म्हणाली असती, हा विचार मनात येऊ पाहत होता. सुंदराबाई त्याला दारातच अडवीत होत्या, आणि तो दारातून हलत नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांनी कागद काढला, हे प्रारंभी सांगितलेच आहे. तो हातात घेऊन त्या लिफ्ट टाळून जिन्याने वर निघाल्या. एक नेटके भाषण त्यांनी मनात बांधले होते, ज्यात 'अनवधान' हा शब्द दोनदा येत होता. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि तिसऱ्यापर्यंत भाषण उरले नाही.

अख्तरबानू मेथी निवडत होत्या. आत हमीदभाई कुणाचे तरी घड्याळ उघडून बसले होते. अख्तरबानूंनी खुर्ची पुढे केली. सुंदराबाई उभ्याच राहिल्या.

"तांबोळीबाई, माझ्या हातून चूक झाली. तुम्हाला न विचारता मी वहीत तुमचा नकार लिहिला. सात वेळा."

अख्तरबानूंनी हातातली काडी पुरती निवडली. "मला वाटलं, पंगत तुमच्या माणसांची असेल."

सुंदराबाईंनी आता खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"दर वर्षी त्या दिवशी एक वाजेपर्यंत मी कुकर लावत नव्हते, बाई," अख्तरबानू मेथीकडे पाहत म्हणाल्या. "हे म्हणायचे, लाव, भूक लागली. मी म्हणायचे, थांबा, बेल वाजेल. खालून जेवणाचा वास यायचा, मग लावायची."

सुंदराबाईंनी विचारले, "या वर्षी याल?"

"विचार करून सांगते," अख्तरबानू म्हणाल्या.

दुपारी कागद पुन्हा फलकावर लागला. मूळ मजकुराखाली एक ओळ वाढली होती: "उपरोक्त दोष अध्यक्षांच्या वहीत सात वर्षे होता." बाकावरच्या मंडळींनी तो वाचला आणि या खेपेला फोटो कोणी काढला नाही.

पुढचे सात दिवस सुंदराबाईंनी कसे काढले ते त्यांचे त्यांना ठाऊक. कार्यकारिणीच्या प्रत्येक फोनवर सगळी संस्था हिरवी आणि एकच ओळ पिवळी दिसे: 'तीनशे चार: विचारले, उत्तर नाही.' आयुष्यात प्रथमच एक कोरा रकाना त्यांच्या डोळ्यांपुढे उघडा होता आणि त्यात रेघ मारण्याचा त्यांना अधिकार नव्हता. सल्ले देणाऱ्यांची वानवा पडली नाही. पोतनीस म्हणाले, पुन्हा एकदा विचारून पाहा. पोपटराव म्हणाले, तीन पाने जास्त धरतो, वहीला कशाला कळवायचे? तळमजल्यावरच्या एका वयस्क गृहस्थांनी, बाई एवढं मनाला लावून घेऊ नका, असा धीर दिला. त्यांच्याकडे सुंदराबाईंनी असे पाहिले, की ते दोन दिवस मागच्या फाटकाने गेले. मिसबाकडून आतली बातमी काढण्याचा मोह त्यांना अनेकदा झाला. पण जिने त्यांची चूक शोधली तिच्याच पाठीमागे चुगली मागायची, एवढ्या त्या खाली उतरल्या नव्हत्या. एकदा अर्धा जिना मात्र उतरल्या होत्या.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाले. सतरंज्या पडल्या. सलिलने मोठ्या मेहनतीने कुपने एकपासून सुरू होतील अशी केली होती. सुंदराबाईंनी आपले बदलून शून्याचेच मागून घेतले आणि कारण सांगितले नाही. साडेबारा झाले. पुऱ्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेल एवढा दरवळला. पाऊण वाजला. पोपटराव झारा घेऊन अदबीने येऊन उभे राहिले. सुंदराबाईंनी हातानेच थांबवले. पंगतीतली पोरे भुकेने रडकुंडीला आली होती. पोतनीस घड्याळ पाहत होते, आणि सुंदराबाई वर पाहत होत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली.

त्या शिट्टीचा अर्थ त्या पटांगणात एकट्या सुंदराबाईंना कळला. त्यांनी मान खाली घातली. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. "वाढा," अशी पोपटरावांना खूण करायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला, आणि हे पाहून पोपटरावच घाबरून मागे सरले.

थोड्या वेळाने लिफ्टचे दार उघडले. पुढे मिसबा, मागे चांगला कोट घातलेले हमीदभाई, आणि त्यांच्यामागे, दोन्ही हातांनी कुकर धरलेल्या अख्तरबानू.

"मटारभात आहे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं पंगतीला यायची आमच्यात पद्धत नाही. आणि कुकर मी एकच्या आधी लावत नाही, ते तुम्हाला सांगितलंच होतं."

सुंदराबाईंनी काखेतली वही काढली, तीनशे चारचा कोरा रकाना उघडला आणि पेन पुढे केले. अख्तरबानूंनी कुकर मिसबाकडे दिला, चष्मा लावला आणि सावकाश 'हो, माणसे तीन' असे लिहिले. मग मागची पाने चाळून पाहिली.

"ते सात मी खोडून टाकते," सुंदराबाई म्हणाल्या.

"राहू द्या," वही मिटत अख्तरबानू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बेल वाजवायला उशीर केलात, तर दाखवायला होतील."